लाल मातीची वही

पहाटेचे चार वाजले की आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमधून मोजणी ऐकू येते. एक, दोन, तीन, चार. दहापर्यंत मराठीत. मग ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. हत्तु झालं की अकरापासून पुन्हा मराठी. बावीस पोरं एका लयीत बैठका मारतात, आणि कुणाच्या तोंडून आकडा चुकला की सगळ्यांना पुन्हा एकपासून सुरुवात. हा नियम माझ्या धाकट्या भावाचा. मराठी घरातली पोरं 'एळु'पाशी अडखळतात, कन्नड घरातली एकोणीस-एकोणतीसमध्ये गोंधळतात. मी चहाचं आधण ठेवते, खिडकी उघडते आणि ऐकत राहते. बावीस जणांच्या टाचा एकदम उचलल्या जातात त्याचा एक मऊ आवाज असतो, जात्याभोवतीचं पीठ हातानं गोळा करावं तसा.

आमचं गाव कमलनगरच्या पुढं, बिदर जिल्ह्याच्या अगदी कडेला. आम्हाला बिदरपेक्षा उदगीर जवळ. आमच्या शेताचा बांध संपतो तिथं कर्नाटक संपतं. पलीकडच्या वावरातली तूर महाराष्ट्रातली. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. थोरल्या बहिणीला इथं सगळेच आक्का म्हणतात, हाक मारणारा मराठी असो की कन्नड. तालमीला कन्नडमध्ये 'गरडी मने' म्हणतात, पण आमच्याकडचे कन्नड म्हातारेही सरळ 'तालीम'च म्हणतात. पैलवान दोन्हीकडं पैलवान.

आज्जा सांगायचा, त्याच्या तरुणपणी ही रेघ नव्हतीच. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तिन्ही तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, आणि सगळा मुलूख हैदराबाद राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं बांधली गेली. ते तीन तालुके तिकडं गेले, आम्ही इकडं राहिलो. आज्जाला राजकारणाचं फारसं काही नव्हतं. त्याचं दुःख वेगळंच होतं. जत्रेतल्या कुस्त्यांची जोड लावताना 'हा तुमच्याकडचा, हा आमच्याकडचा' असं बोलायला लागले, ते त्याला सोसायचं नाही. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव निघालं की तो हटकून म्हणायचा, "रामलिंग मुदगड निलंग्यात, आन् निलंगा आपल्या बिदरात. मामा आपल्याच जिल्ह्यात जन्मला." हिशेब बरोबर होता. बिराजदार मामा 1969 चे महाराष्ट्र केसरी, म्हणजे जन्म 1956 च्या बराच आधीचा. बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपालला आस्मान दाखवलं ती कुस्ती आज्जा अशी रंगवायचा, की ऐकताना आमची बोटं आपोआप सतरंजी घट्ट धरायची.

अशा घरातला मुलगा कोल्हापूरला जाणार हे ठरल्यासारखंच होतं. 1998 च्या जूनमध्ये धाकला सहावी पास झाला आणि बारा वर्षांचा असताना आमच्या वडिलांनी, आबांनी, त्याला एका जुन्या पेठेतल्या तालमीत नेऊन सोडलं. मी तेव्हा कॉलेजात होते. हट्ट करून सोबत गेले.

तालमीचा उंबरा मी ओलांडला नाही. बाईमाणसानं हौद्याकडं जायचं नाही अशी तिथली रीत होती. पण दारातून जेवढं दिसलं तेवढं आजही डोळ्यांपुढं आहे. खाली, पायऱ्या उतरून अंधारात हौदा. त्यात तांबडी माती, पण शेतातल्या मातीसारखी कोरडी नव्हे. तिला ताक, तेल, हळद, लिंबू पाजलेलं. वास असा, की देवघर आणि गोठा एका जागी आल्यासारखं वाटावं. भिंतीवर मारुती, त्याच्या शेजारी शाहू महाराज. कोनाड्यात उदबत्ती. एक पोरगा, धाकल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठा, एकटाच खोऱ्यानं हौद्याची माती उकरत होता. खोरं आत रुतवायचं, ढेकूळ उलटायचं, मागं सरायचं. आबा म्हणाले, "पोराला कामाला लावलाय." वस्ताद म्हणाले, "काम न्हाई ते. ही पहिली मेहनत. माती उकरता आली की मग जोर." धाकल्यानं पायरीवर चपला काढल्या. आमच्याकडं न बघता खाली उतरला, आणि आत जाऊन त्यानं आधी मातीला हात लावून तो कपाळाला लावला. हे त्याला कुणी शिकवलं होतं, मला ठाऊक नाही.

त्याचा दिवस पुढं असा गेला. साडेतीनला उठणं. हौदा उकरणं, जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणं. मग लढत, थोरल्या पैलवानांच्या अंगाखाली तासभर घुसमटणं. त्यानंतर थंडाई: बदाम, खसखस, बडीशेप, मिरी कुंडीत घोटायची, ती घोटून घोटून मनगटं भरायची. स्वयंपाकाच्या पाळ्या. दुपारी झोप, कारण झोप हाही खुराकच. चारला पुन्हा मेहनत. रात्री वस्तादांचे पाय चेपता चेपता डाव कानावर पडायचे. पट कुठल्या क्षणी काढायचा, घिस्सा मारताना नजर कुठं ठेवायची, कलाजंगात समोरच्याला खांद्यावर घेताना कंबर आधी की गुडघा आधी. कलाजंग धाकल्याला पटकन साधला. आमच्याकडं तुरीची पोती खांद्यावर घेऊनच पोरं मोठी होतात. त्यानं सुट्टीत अंगणात मला समजावलं, "आक्का, पोतं उचलताना आपण त्याच्याखाली जातो बघ. वरून न्हाई धरत. तसंच." मला तो डाव तेव्हा कळला. शाळेत मी आज जे काही शिकवते ते असंच, खाली जाऊन, उचलायला बघते.

या सगळ्या दिवसात शाळा कुठं होती? होती. हजेरीपटावर त्याचं नाव होतं. दहाला तो वर्गात जाऊन बसायचा आणि साडेदहाला बाकावर मान टाकायचा. शरीर पहाटेपासून जे सोसून आलेलं असायचं, त्यापुढं भूगोल टिकत नव्हता. आठवीत शाळेनं एक दिवस त्याचं नाव कमी केलं. घरी एक कार्डही आलं नाही. आम्हाला दिवाळीत कळलं, तेही त्यानंच सांगितल्यावर, मान खाली घालून. हारलेल्या कुस्तीनंतर त्याची मान मी कधी तशी पाहिली नव्हती. त्या दिवशी मला फार राग आला. शाळेचा आला, तालमीचा आला, आबांचा आला. सगळ्यात जास्त या समजुतीचा आला, की पैलवानाला अक्षर कशाला.

ही समजूत कोल्हापूरची नाही, हे मला पुढं वाचून कळलं, आणि त्यानं माझा राग निवला नाही, वाढला. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचं मैदान बांधून घेतलं, मागच्या ओळीतल्या माणसालाही आखाडा दिसावा अशा उताराचं. ते सगळे जण अभिमानानं सांगतात. पण त्याच महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. मग जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एकाच माणसाच्या मनात खासबागही होतं आणि बोर्डिंगही. खेड्यातला मुलगा शहरात येईल, त्याला निजायला जागा हवी, खायला हवं, शिकायला हवं. तालीम आणि बोर्डिंग यांची मुळं एकाच काळजीत आहेत. आपण त्यातलं एक उचललं आणि दुसऱ्यापासून तोडलं.

खाशाबा जाधवांकडं बघा. कराडजवळच्या गोळेश्वरचा मुलगा, हायस्कूल पुरं करून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आला. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्याच कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परत आले; स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूनं मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. घर गहाण टाकणारा माणूस कॉलेजचा प्राचार्य होता. पुस्तकं शिकवणारा माणूस. ही गोष्ट माझ्या वर्गात मी दरवर्षी सांगते. सांगताना दरवर्षी प्राचार्यांपाशी येऊन माझा आवाज बदलतो.

तर नाव कमी झाल्यावर मी धाकल्याला पत्रं लिहायला लागले. अंतर्देशीय पत्रं, निळी, तीन घड्यांची. त्यालाही बजावलं, दर आठवड्याला एक पान लिहायचं, काय वाटेल ते. त्याचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. 'आक्का मी बरा आहे. 500 जोर मारलो. हाता ला फोड आलेत. तुप संपल.' मी त्या काळात शिक्षकी शिकत होते. लाल पेननं चुका दुरुस्त केल्या, समासात लिहिलं 'हाताला – एकत्र', आणि तेच पत्र पाकिटात घालून परत धाडलं. आता आठवलं की जीव चरकतो. हाताला फोड आलेल्या पोराला मी शब्द जोडून पाठवत होते. पण त्यानं पुढच्या पत्रात 'हाताला' एकत्र लिहिलं. आणि तूप आईनं पाठवलंच होतं. डालड्याच्या जुन्या डब्यात, झाकणाच्या कडेनं कणीक लिंपून, वरून फडकं बांधून. उदगीरच्या स्टँडवर एसटीच्या ड्रायव्हरच्या पायाशी तो डबा ठेवायचा. कोल्हापूरच्या स्टँडवर धाकला उभा असायचा. इतक्या वर्षांत एकही डबा हरवला नाही.

पत्रं लांबत गेली. कोणत्या मैदानात कुणाशी जोड लागली, हलगीवाल्यानं कसा ताल धरला, बरोबरीत सोडवलेली कुस्ती निकाली होऊ शकली असती का, असं सगळं. त्यानं एका पत्रात लिहिलं, 'चितपट झालो तेव्हा वर आभाळ दिसलं. एरवी आम्हाला आभाळ दिसतच नाही.' मी त्या ओळीवर लाल पेन टेकवलं नाही.

अठरा-एकोणीसचा झाल्यावर तो निवड चाचण्यांना जायला लागला, आणि आज्जाची ती रेघ त्याच्या वाट्याला आली. एका टेबलावर त्याला सांगितलं, तुझं कार्ड कर्नाटकचं, तू इथून खेळू शकत नाहीस. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या टेबलावर सांगितलं, तू सराव सगळा तिकडं करतोस, इथल्या पोरांचा हक्क आहे. दोन्हीकडच्या माणसांपाशी नियम होता, तो खोटा नव्हता. पण दोन टेबलांच्या मधे जो मुलगा उभा होता तो कुणाचाच झाला नाही. श्रीपती खंचनाळे चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडले आणि 1959 मध्ये बंतासिंगला हरवून देशातले पहिले हिंदकेसरी झाले. त्यांचा फोटो दोन्हीकडच्या तालमींत लावलेला असतो. धाकला त्या फोटोखाली झोपायचा.

2009 मध्ये गुडघा गेला. लढतीत, सरावात, अगदी साध्या पकडीत. तो परत आला तेव्हा ट्रंकेत लंगोट, दोन फेटे, आणि सुतळीनं बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता. माझी तर होतीच, पण त्याची स्वतःचीही, लाल खुणांची, मी परत पाठवलेली. एकही फेकलं नव्हतं. त्या रात्री तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला आणि आई त्याच्या कानावरून हात फिरवत राहिली. पैलवानाचे कान तुम्ही जवळून पाहिलेत का? मातीत आणि खांद्यांच्या घासण्यात ते आतून फुटतात, सुजतात, मग तसेच घट्ट होऊन बसतात. वाळलेल्या आमसुलासारखी घडी पडते. आई बोटानं काहीतरी शोधत होती. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "टोचलेलं बुजलंय गं." बाराव्या दिवशी सोनाराकडून टोचून घेतलेलं भोक त्या घडीत कुठंतरी आत बंद झालं होतं.

शेड घालायची कल्पना त्याची. आमची शेती मांजरेच्या खोऱ्यातली, काळीभोर. ती माती तालमीला चालत नाही. ओली झाली की अंगाला चिकटते, वाळली की भेगा पडतात. मग त्यानं बिदरच्या पठारावरून तांबडी माती आणली. बिदरचं पठार सगळं जांभ्याचं. तिथली माती हातात घेतली तर तळवा रंगतो. दोन ट्रॅक्टर आणले. आठ दिवस चाळली, एकेक खडा वेचला. गावातल्या बाया ताक घेऊन आल्या, घाण्यावरचं तेल आलं, हळद आमच्याच घरची. मी लिंबं पिळली. धाकल्यानं मूठभर माती उचलून नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली. "आता झाली," म्हणाला.

मला त्या वेळी बिदरी काम करणारे कारागीर आठवले. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवून झाली की ते बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागरासोबत पाण्यात उकळतात आणि त्यात भांडं बुडवतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच लखलखत राहते. ती माती ऊन-पावसाचा स्पर्श न होता वर्षानुवर्षं पडून राहिलेली लागते. कारागीर जिभेवर ठेवून तिची चव बघतात. आमच्या मुलखात माती ओळखणारी माणसं अशी दोन जातींची: एक जिभेनं ओळखणारी, एक नाकानं.

पत्र्याचं शेड उभं राहिलं तेव्हा मी एकच अट घातली. हौद्याशेजारच्या भिंतीवर फळा लागेल, आणि उंबरा ओलांडून मी आत येईन. धाकला क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "हौद्यात न्हाई आक्का, कडेला." मी कडेला बसते. संध्याकाळी मेहनत संपली की दिवा लागतो आणि पाऊण तास वह्या उघडतात. बावीसातली तेरा पोरं मराठी शाळेतली, बाकीची कन्नड. एक जण आळंदकडचा, आजोळी राहून शिकतो. त्याची आई आजही कलबुर्गीला गुलबर्गाच म्हणते. शाळेत डोळा लागू नये म्हणून पोरांना रात्री इथं झोपू देत नाही मी. पहाटेची मेहनत सहाला संपलीच पाहिजे, हे धाकल्याकडून कबूल करून घेतलंय. त्याला ते कमी वाटतं. कोल्हापूरच्या मानानं ती अर्धीच मेहनत आहे, हे मलाही कळतं. आमची यावरून भांडणं होतात, आणि ती अजून मिटलेली नाहीत.

अंग पुसलं तरी पोरांच्या बोटांत माती राहतेच. वहीच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं पान उलटायला अंगठा लागतो, तिथं प्रत्येक पानावर एक तांबडा ठसा. शाळेत गुरुजी रागावतात म्हणून पोरं ते खोडरबरानं घासतात आणि पान फाटतं. मी तिथल्या गुरुजींना सांगून आले, ठसे राहू द्या.

यंदाच्या जूनमध्ये आमच्या तालमीतला पहिला मुलगा कोल्हापूरला निघाला. सातवी झालेला, अंगानं बारीक, पट काढण्यात तरबेज. आदल्या रात्री धाकल्यानं तिथल्या वस्तादांना फोन लावला. बराच वेळ खुराकाचं, जोरांचं, सवयींचं बोलला. ठेवताना थांबला, आणि मला कधी वाटलं नव्हतं ते त्याच्या तोंडून ऐकलं. "वस्ताद, एवढं करा. शाळेच्या वक्ताला त्याला झोपू देऊ नका. आन् नाव कमी केलं तर मला कळवा. मी येतो." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

सकाळी उदगीरच्या स्टँडवर मी त्याच्या पिशवीत दोनशे पानी वही आणि पत्ता घातलेली दहा पाकिटं ठेवली. आता सगळ्यांकडं फोन आहेत, पाकिटं कशाला, असं त्याचा बाप म्हणाला. पोरगा काही बोलला नाही, पाकिटं त्यानं वहीत नीट घातली. गाडी लागायला वेळ होता. त्याची आई खाली बसून तुपाच्या डब्याच्या झाकणाला कणीक लावत होती. उन्हानं कणीक सुटत होती, आणि ती थुंकी लावून पुन्हा पुन्हा अंगठ्यानं दाबत होती.